पंचायतीकडे निधी नाही, मग गावाच्या रोजगारासाठी ती काय करू शकते?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेल्या पंचांचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: मोपाचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, तरी वाड्यावरची शिकलेली मुले घरी बसून आहेत. ग्रामसभेत लोक विचारतात, पंचायत रोजगारासाठी काय करते? सचिव म्हणतात, निधी नाही. जुने पंच म्हणतात, गटार, दिवे, पायवाटा एवढेच आपले काम, रोजगार बघायचा तो सरकारने. यात खरे किती?

गट विकास कार्यालयात माझी बरीच वर्षे गेली. नंतर नव्या पंचांच्या प्रशिक्षण वर्गांत मी शिकवत आलो. हा प्रश्न दर निवडणुकीनंतर येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा तळमळीने विचारतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंचायत नोकऱ्या देऊ शकत नाही, हे लोकांना पहिल्याच ग्रामसभेत स्पष्ट सांगा. तुमच्या पंचायतीत एक सचिव, एखादा कारकून आणि शिपाई, एवढाच पसारा. पण गावातला माणूस स्वतःच्या कष्टावर कमवायला निघाला की त्याची गाठ सगळ्यात आधी पंचायतीशीच पडते. बसायला जागा हवी, परवाना हवा, घराला नंबर हवा, शेतात शिरणारी गुरे कोणीतरी धरायला हवीत. ही कामे मंत्रालयातून होत नाहीत. गावाच्या अर्थकारणात पंचायतीची खरी ताकद इथे आहे, आणि आपल्याकडे नेमकी हीच कामे सगळ्यात दुर्लक्षित राहतात.

‘गटार आणि दिवे एवढेच आपले काम’ हे कायद्यालाही धरून नाही. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, आणि तिच्यानुसार आपला गोवा पंचायत राज कायदा १९९४ मध्ये झाला. घटनेच्या २४३-जी कलमानुसार आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचे अधिकार राज्याला कायद्याने पंचायतींना देता येतात. आर्थिक विकास हा शब्द तिथे आधी येतो. अकराव्या परिशिष्टात शेती, लघुउद्योग, बाजार, मच्छीमारी धरून २९ विषय दिले आहेत. अडचण पुढे सुरू होते. विषय कागदावर पंचायतीचे, पण त्यांची माणसे आणि पैसा खात्यांकडे. कृषी अधिकारी कृषी खात्याचा, पाणीपुरवठा आणि सिंचन त्या-त्या खात्यांचे, जमिनीचा विभाग बदलायचा तर नगरनियोजन खाते. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा पंचायतींनाही स्वतःचे असे ठोस काम फारसे उरलेले नाही. गोव्याची लोकसंख्या कमी, त्यामुळे तालुका पातळीची मधली पंचायत आपल्याकडे नाहीच. म्हणजे १९१ ग्रामपंचायती थेट खात्यांच्या समोर उभ्या आहेत.

त्यात आपली आणखी एक खास अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी धरली गेली, पण नगरपालिका १३ आणि पणजीची महानगरपालिका एक. बाकी ५६ गावे जनगणनेच्या हिशेबाने शहरे झाली आणि कारभार मात्र पंचायतीचाच राहिला. बहुमजली इमारती, हजारो भाडेकरू, रोजचा ट्रकभर कचरा, आणि हे सगळे सांभाळायला गावासाठी केलेला कायदा. पेडण्यात आज जे घडते आहे ते बार्देश आणि सासष्टीच्या किनारी गावांत आधीच घडून गेले. त्यांच्याकडून शिकायला तुम्हाला अजून वेळ आहे, तो वापरा.

आता निधीबद्दल. ‘निधी नाही’ असे सचिव म्हणतात तेव्हा त्यांना दोन वह्या मागा: घरपट्टीची मागणी-वसुली नोंदवही आणि व्यवसाय परवान्यांची नोंदवही. पहिली बघताना गावात किती घरे उभी आहेत आणि वहीत किती आहेत, हे वाडावार ताडून पाहा. फ्लॅट, दुसऱ्या राज्यातल्या मालकांचे सुट्टीतले बंगले, जुन्या घराला जोडून काढलेल्या भाड्याच्या खोल्या, यांतले बरेच काही वहीत सापडणार नाही, किंवा सापडले तरी जुन्याच क्षेत्रफळावर. हे काम कोणाला आवडत नाही, कारण त्यात मतदार दुखावतो. म्हणून सुरुवात गावकऱ्याच्या राहत्या घरापासून करू नका. आधी व्यावसायिक वापराच्या आणि बंद राहणाऱ्या मोठ्या मालमत्ता घ्या. थकबाकीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. स्वतःचा वसूल वाढलेली पंचायत खात्याच्या दारात वेगळ्या आवाजात बोलते, हे मी जवळून पाहिले आहे.

केंद्राच्या पैशाचे गणित वेगळे. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान ठरवले, त्यातले ६० टक्के पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले होते आणि ४० टक्के मोकळे. मोकळा भाग गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येत होता, फक्त पगार आणि कार्यालयाचा खर्च त्यातून चालत नव्हता. तुमच्या पंचायतीने तो भाग कशावर खर्च केला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर उघडे आहे. बघा. बहुतेक ठिकाणी पेव्हर, संरक्षक भिंत, कमान असेच दिसेल. या कामांना माझा विरोध नाही. पण प्रत्येक कामासमोर ‘यामुळे गावात कोणाची मिळकत वाढली?’ हा प्रश्न लिहून पाहा, आणि ज्यांना उत्तर नाही ती कामे पुढच्या आराखड्यात खाली सरकवा.

बाजाराबद्दल मी सगळ्यात जास्त सांगणार आहे, कारण पंचायत इथे थोड्या पैशात खूप काही करू शकते.

चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांतला माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांचा) बाजार डोळ्यांसमोर आणा. माट्टीची फळे, कांगले, तोरिंगे, सुपारीचे घोस, नारळाचे घड, हे सगळे सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानांतून आणि कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून) येते. आणणाऱ्या बहुतेक बायका. पहाटेच्या बसने किंवा चार जणींनी मिळून केलेल्या टेम्पोने येतात, रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरतात. वर पाऊस, मागे गटार, पुढून गाड्या. थोड्या वेळाने सोपोवाला (बाजारात बसण्याचा कर गोळा करणारा ठेकेदार) पावतीपुस्तक घेऊन येतो आणि जागेप्रमाणे पैसे घेतो. तो त्याचा हक्क आहे, कारण सोपोचा ठेका त्याने पावणीत (लिलावात) बोली लावून घेतलेला असतो. पण त्या बाईला त्या पैशाच्या बदल्यात काय मिळाले? डोक्यावर छप्पर नाही, प्यायला पाणी नाही, आणि दिवसभर बसायचे तर जायला संडास नाही. मला हे सांगणाऱ्या बायका आहेत की बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही.

हे बदलणे पंचायतीच्या पूर्ण हातात आहे. सोपोच्या पावणीच्या अटी पंचायतच ठरवते. अटीत लिहा: दर फलकावर लावायचा, पावतीवर रक्कम छापील हवी, गावात स्वतः पिकवलेला माल घेऊन बसणाऱ्यांना दर निम्मा किंवा माफ. ठेक्याची रक्कम थोडी कमी येईल, येऊ द्या. तेवढे पैसे गावातल्याच घरात राहतात. आणि सोपोतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरलेला वाटा बाजाराच्या जागेवरच खर्च करायचा असा ठराव घ्या: पत्र्याचे छप्पर, उंच ओटे, एक नळ, बायकांसाठी कुलूप लागणारा संडास आणि त्याच्या साफसफाईला माणूस. पाणी आणि स्वच्छतेच्या बांधील अनुदानातून नळ-संडासाचा भाग बसवता येतो का, ते गट विकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.

याउलट अनेक पंचायती दुमजली इमारत बांधतात, खाली गाळे काढतात आणि पावणी करतात. अनामत रक्कम एवढी असते की गावातली स्वयंसाहाय्य गटाची बाई बोलीत उतरूच शकत नाही. गाळा घेतो तो आधीच दोन दुकाने असलेला माणूस, आणि पुढे तो पोटभाड्याने देतो. शटर लावलेले गाळे तुम्ही कितीतरी पंचायतघरांखाली पाहिले असतील. गाळे बांधायचेच असतील तर काही गाळे महिला गटांना आणि पहिल्यांदा धंदा करणाऱ्यांना राखून ठेवा, अनामत हप्त्याने घ्या, आणि पोटभाडे आढळल्यास करार रद्द होईल हे कलम नुसते लिहू नका, अमलात आणा. पण मला विचाराल तर आधी ओटे, मग गाळे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एवढी वर्षे टिकला तो पावसाळ्याआधीच्या पुरुमेताच्या खरेदीला लागणारी सुकी मासळी, मिरची, कांदा, कोकम घेऊन लांबून येणाऱ्या लहान विक्रेत्यांमुळे. त्यांच्या टोपलीला जागा मिळाली की बाजार आपोआप भरतो.

तुमच्या तालुक्यात हरमलची मिरची आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन एखाद्या संघटनेच्या नावे नोंदले गेले तरी त्या नावाने माल विकायला प्रत्येक शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. गावातल्या किती जणांनी ती केली? फॉर्म, जमिनीचा उतारा, कूळ असेल तर त्याचा पुरावा, या कागदपत्रांत शेतकरी अडकतो. पंचायतीने कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयाला विनंती करून एक रविवार पंचायत सभागृहात शिबिर घ्यावे. त्याला खर्च चहाचा. एवढ्यानेही मिरचीचा भाव बदलतो, कारण ‘हरमलची’ म्हणून बाहेरची मिरची विकणाऱ्याला प्रश्न विचारायला तुमच्याकडे कागद येतो.

शेतीबद्दल एकच गोष्ट सांगतो, आणि ती लोकांना किरकोळ वाटते: भटकी गुरे. तिळारी धरणाचे पाणी कालव्याने तालुक्यात आले, तरी वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाची) शेते पडीक का? मजुरी महाग, मुले शेतात उतरत नाहीत, ही कारणे खरी आहेत. पण शेतकऱ्याशी बांधावर उभे राहून बोला, तो आधी गुरांचे नाव घेतो. सरद (पावसाळी भात) कापली की सगळी गुरे मोकळी सुटतात. एकट्याने वायंगण लावले तर आख्ख्या गावाची गुरे त्याच्याच शेतात. मग तोही सोडून देतो, आणि दोन-तीन वर्षे पडीक राहिलेल्या शेतावर ते विकत घ्यायला कोणीतरी डोळा ठेवतो. गुरे धरणे, कोंडवाड्यात घालणे, मालकाकडून दंड घेणे हे पंचायतीचे काम आहे. कोंडवाडा नसेल तर गोशाळेशी करार करता येतो, सरकारची त्यासाठी योजना आहे. डिसेंबरपासून गुरे बांधायची असा ठराव ग्रामसभेत सर्वांसमोर घ्या, शेजारच्या पंचायतीलाही सोबत घ्या, कारण गुरांना हद्द कळत नाही. शेतांच्या एका पट्ट्याचे वायंगण परत उभे राहिले तर त्यातून जी मिळकत होईल ती पेव्हरच्या रस्त्यातून होणार नाही. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले, ते चांगले झाले. पण कायदा विक्री थांबवतो, नांगर धरत नाही.

विमानतळाकडे येऊ. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून उड्डाणे सुरू झाली. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आली, तुयेला इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखलेली आहे. ग्रामसभांत मागणी एकच असते, आमच्या मुलांना कामाला घ्या. ती रास्त आहे, जमिनी या गावांच्या गेल्या. पण नुसत्या ठरावाने कंपनी बांधली जात नाही, आणि दरवेळी रिकाम्या हाताने परतलेल्या मुलांचा पंचायतीवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा पंचायतीने स्वतःची एक नोंदवही ठेवावी: गावात कोण काय शिकलेला आहे, कोणाकडे कसला परवाना आहे, कोण कोणत्या पाळीत काम करू शकतो. कंपनीला पत्र पाठवताना ‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ एवढेच न लिहिता ‘आमच्याकडे वातानुकूलन दुरुस्ती शिकलेली इतकी मुले आहेत, त्यांची मुलाखत कधी घेता’ असे लिहिले की उत्तर येण्याची शक्यता वाढते. पत्राची प्रत आमदार, मामलेदार आणि रोजगार विनिमय केंद्राला द्या.

नोकऱ्यांपेक्षाही मोठी गोष्ट गावात आधीच सुरू झालेली आहे, ती म्हणजे भाड्याच्या खोल्या. विमानतळावर काम करणारी बाहेरची मुले-मुली कुठेतरी राहतात, जेवतात, कपडे धुऊन घेतात. हा पैसा दर महिन्याला गावात येतो. तो नीट यावा यासाठी पंचायतीने खोल्या काढणाऱ्याला घाबरवू नये, त्याला सरळ वाट दाखवावी. परवान्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात त्याची छापील यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा. घरात पाहुणे ठेवायचे असतील तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते, हेही त्यात लिहा. सेप्टिक टाकी आणि पाण्याची सोय नसेल तर परवाना देऊ नका, तिथे सूट नको. एका घराचे सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरीत गेले की त्या खोल्यांची मिळकत सगळ्या वाड्याला महाग पडते.

परवान्यांबद्दल आणखी थोडे. पंचायतीवरची सर्वांत जास्त नाराजी इथली असते. अर्ज पंधरवड्याच्या बैठकीत येतो, ‘पाहणी करून निर्णय घ्यावा’ असा शेरा पडतो, आणि पाहणी होत नाही. मोठा बिल्डर उपसंचालकांकडे अपिलात जातो आणि परवाना घेऊन येतो. भजीचा गाडा टाकू पाहणारा मुलगा मात्र तिसऱ्या फेरीनंतर नाद सोडतो. म्हणजे विलंबाचा फटका नेमका आपल्याच माणसाला बसतो. उपाय साधा आहे. बैठकीआधी पाहणीची तारीख ठरवा, पाहणी अहवालाशिवाय अर्ज विषयपत्रिकेवर घेऊच नका, आणि नाकारायचे असेल तर कारण ठरावात लिहा. कारण नसलेला नकार अपिलात टिकत नाही. ग्रामसभेने भावनेच्या भरात केलेला ठरावही तसाच. तो पंचायतीच्या बैठकीत कायद्याच्या आधारासह आला नाही तर कोर्टात उभा राहत नाही. म्हणून एखादा मोठा प्रकल्प नको असेल तर विरोधाच्या घोषणेबरोबर पाण्याची उपलब्धता, रस्त्याची रुंदी, सांडपाण्याची व्यवस्था यांची नोंद ठरावात हवी.

एकाच मिळकतीवर गाव उभे करू नका, हे खाणपट्ट्यातल्या गावांनी सोसून दाखवले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. काही काळ खाणी पुन्हा चालल्या, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर परत थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, गॅरेज बंद पडली, चहाची दुकाने बंद पडली. शेते आधीच मातीखाली गेलेली, त्यामुळे मागे फिरायलाही वाट नव्हती. तुमच्याकडे आज विमानतळ आहे. ज्या घरातला मुलगा टॅक्सी चालवतो त्या घराची काजूची बाग, शेत, चार गुरे टिकली पाहिजेत, आणि पंचायतीच्या आराखड्यात त्यांच्यासाठी तरतूद दिसली पाहिजे.

सुरुवात कुठून करायची, तेवढे सांगतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी तुमच्या स्वतःच्या प्रभागात प्रत्येक घरी जाऊन तीन गोष्टी विचारा: घरात पैसा कशातून येतो, महिन्याला गावाबाहेर कशावर खर्च होतो, आणि धंदा किंवा शेती वाढवायला आज नेमके काय आडवे येते. एक साधी वही पुरे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वाचलीत की पंचायतीने काय करायचे ते तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही. त्यातली जी कामे पंचायतीच्या अधिकारात आहेत ती वेगळी काढा, आणि त्यातले सगळ्यात स्वस्त काम पहिल्या तीन महिन्यांत पूर्ण करा. बाकीची खात्यांकडे पाठवायची असतील तर प्रत्येकाचे वेगळे पत्र करा. एकाच पत्रात दहा मागण्या घातल्या की ते पत्र कुठल्याच टेबलावर थांबत नाही.

वाड्यावरची एखादी शिकलेली मुलगी ही वही संगणकावर चढवायला बरोबर घ्या. आणि ग्रामसभेत आकडे वाचताना कोणाच्याही घराचे नाव घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.